कडेची बटणं

गीतेत अर्जुन एकच तक्रार दोनदा करतो. तिसऱ्या अध्यायाच्या सुरुवातीला तो कृष्णाला म्हणतो, तुझं बोलणं सरमिसळ आहे, काय ते एक नक्की सांग. पाचव्याच्या सुरुवातीला पुन्हा तेच. कर्म टाकण्याचीही तू वाखाणणी करतोस आणि कर्म करत राहण्याचीही, तर यातलं चांगलं कुठलं? मधले दोन अध्याय साक्षात कृष्णाने समजावून सांगितलं, तरी प्रश्न जागचा हलला नाही. मला यात अर्जुनाचा मंदपणा दिसत नाही. प्रश्नच तसा आहे. घर, नोकरी, गाव यांत राहून ज्याला त्यापलीकडचंही काही हवं असतं, त्याला एकाच आयुष्यात दोन जमिनींवरून जायचं असतं आणि दोन्ही जमिनींचं मागणं वेगळं असतं.

हा प्रश्न मला नीट दिसला तो सायकलच्या टायरमुळे. मी डोंबिवली पश्चिमेला राहते आणि ठाण्यातल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवते. सायकल जुनी आहे, सव्वीस इंची चाकांची माउंटन बाइक. मोठागाव-माणकोली पूल खुला झाल्यापासून खाडी ओलांडून ठाणं सायकलच्या टप्प्यात आलं, त्यामुळे जमेल त्या दिवशी मी कामाला सायकलनेच जाते. रविवारी नेवाळी नाक्यावरून मलंगगडाच्या पायथ्याकडे, नाहीतर उपवनवरून येऊरचा चढ. येऊर राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीत येतं, तेव्हा तिथे पाड्यांपर्यंतचा रस्ता सोडून परवानगीवाचून जंगलात शिरायचं नाही हे मी पाळते आणि इतरांनीही पाळावं असं मला कळकळीने वाटतं. मलंगच्या बाजूला मात्र रस्ता सोडला की मुरमाच्या गाडीवाटा आहेत. उन्हाळ्यात त्यांवर घोट्याएवढा फुफाटा, पावसाळ्यात राड, शेजारी भातखाचरं आणि निसरडे बांध. आठवडाभर मात्र डांबर, काँक्रीट, पेव्हर ब्लॉक आणि गटारांची लोखंडी झाकणं. सायकल एक, जमिनी दोन.

आमच्याकडे दुकानात खडबडीत टायर ‘बटन टायर’ म्हणूनच मागतात. उंच, सुटी रबरी बटणं मऊ जमिनीत रुततात, माती त्यांच्यामध्ये धरली जाते आणि चाकाला रेटा द्यायला काहीतरी मिळतं. डांबरात रुतायला काही नसतं. तिथली पकड रबर आणि रस्ता यांच्या थेट स्पर्शातून येते. बटणांच्या टोकांवर उभं राहिलेलं चाक कमी रबर टेकवतं. वळताना बटणं बुडापाशी वाकतात, सरळ जाताना घरघरतात, आणि सतत वाकण्या-सुटण्यात पायातली ताकद उष्णता होऊन जाते. माणकोलीच्या पुलावर समोरून वारा असला की हा हिशेब मांड्यांना कळतो.

एक समज इथेच बाजूला सारायला हवा, कारण विद्यार्थीही तो घेऊन येतात. पावसात रस्त्यावर पाणी कापायला टायरला खाचा हव्यातच, असं सगळ्यांना वाटतं. मोटारीला हव्यात. सायकलला त्या कामासाठी लागत नाहीत. विमानाच्या चाकांवरच्या प्रयोगांतून नासाच्या संशोधकांनी एक साधं सूत्र काढलं होतं. टायरमधल्या हवेचा दाब पीएसआयमध्ये घ्यायचा, त्याचं वर्गमूळ काढायचं आणि नऊने गुणायचं. आलेल्या आकड्याइतक्या नॉट वेगाला चाक पाण्यावर तरंगू लागतं. छत्तीस पीएसआयला ते ५४ नॉट, म्हणजे ताशी सुमारे १०० किलोमीटर. सायकलचं टायर गोल आणि अरुंद असल्याने त्याला याहूनही जास्त वेग लागेल. पावसाळ्यात आपण पडतो ते पाण्यामुळे कमी आणि पांढऱ्या पट्ट्यांच्या रंगामुळे, लोखंडी झाकणांमुळे, शेवाळलेल्या पेव्हर ब्लॉकमुळे जास्त. तिथे बटणंही वाचवत नाहीत. वैराग्याची चिन्हं अंगावर असली की संसारातल्या निसरड्या जागी आपण पडणार नाही, असं मानणारी माणसं मी पाहिली आहेत. त्यांच्याविषयी मला राग नाही, काळजी वाटते.

टायर घ्यायला गेले तेव्हा दुकानातल्या भाऊंनी मला विचारलं होतं, “ताई, जास्त कुठं चालवता?”

“दोन्हीकडे.”

“दोन्हीकडे तर सगळेच म्हणतात. दहा किलोमीटरमधले रस्त्यावरचे किती?”

या प्रश्नाला खरं उत्तर देणं जड जातं. मनाने मी मलंगच्या वाटेवर असते. चाकं मात्र बहुतेक वेळ ठाण्याच्या रस्त्यावर फिरतात. साधनेचंही तसंच आहे. आपण कोण आहोत हे माणूस रविवारवरून ठरवतो आणि जगतो सोमवार ते शनिवार. भाऊंनी पुढ्यात ठेवलेल्या टायरला मधोमध जवळजवळ सलग पट्टी होती आणि दोन्ही कडांना उंच, सुटी बटणं. सरळ रस्त्यावर फक्त पट्टी टेकते. चाक मातीत थोडं बसलं किंवा सायकल कलली की कडेची बटणं कामाला लागतात.

त्याच फळीवर दुसरंही एक होतं, तेही दोन्हीकडे चालणारं म्हणूनच विकायला ठेवलेलं. त्याला सगळीकडे सारखी, बुटकी, जवळजवळ बसवलेली बटणं. रस्त्यावर ते कुरकुरतं, आणि भाताच्या चिकट मातीत बटणांमधल्या फटी भरून गेल्या की मातीचाच गुळगुळीत गोळा होऊन फिरतं. दोन्ही गुणांचं निम्मं निम्मं घेतलं तर हातात दोन्हीतलं काहीच येत नाही. सारनाथच्या पहिल्या प्रवचनात बुद्धाने भोगाचं टोक नाकारलं आणि देहदंडाचंही. मध्यम मार्ग म्हणजे थोडा भोग आणि थोडा उपास, असा अर्थ अनेकजण काढतात. पण बुद्धाने पुढे दिली ती आठ अंगांची मांडणी. दृष्टी कशी असावी, वाणी कशी, उपजीविका कशी, स्मृती कशी. प्रत्येक गोष्ट तिच्या जागी आणि पूर्ण जोराची. पट्टी पट्टीसारखी सलग, बटण बटणासारखं उंच. मध्यम मार्गाबद्दल मला म्हणायचं आहे ते एवढंच. ती सरासरी नाही, ती रचना आहे, आणि रचना करायची तर काय मधे आणि काय कडेला, हे आधी कबूल करावं लागतं.

येऊरच्या डोंगराच्या पलीकडच्या अंगाला, त्याच जंगलात, कान्हेरीची लेणी आहेत. हजारेक वर्षं तिथे भिक्खू राहिले. त्यांच्या गुहा आणि पाण्याची टाकी कोणी दिली, हे ब्राह्मी लेखांतून कळतं. दाते सोपाऱ्याचे, नाशिकचे, कल्याणचे. बहुतेक व्यापारी आणि कारागीर, बाजारातली माणसं. त्यात कल्याणच्या एका लोहाराची नोंद आहे. त्याने दिली ती पायवाट. या माणसाचा विचार मी फार करते. रोजचं काम भट्टीपाशी, ऐरणीवर. त्याने घर सोडलं नाही आणि भिक्खूचा आवही आणला नाही. जंगलात राहणाऱ्यांपर्यंत पोचता यावं आणि तिथून माघारी येता यावं, एवढी सोय केली. मोठेपणाची ही जात आपल्या धर्मचर्चेत फारशी मोजली जात नाही.

आपल्या शास्त्राने या पेचावर काढलेला जुना तोडगा वेगळा आहे. आश्रमव्यवस्था म्हणते, आधी गृहस्थ, मग वानप्रस्थ, मग संन्यास. टायर बदला. एका वेळी एकच जमीन, आणि त्या जमिनीला साजेसं चाक. यात प्रामाणिकपणा आहे हे मी मानते. अडचण फक्त बदलण्याच्या क्षणाची आहे. माणूस मधेच परतला तर काय, याचं उत्तर त्या व्यवस्थेकडे नाही. विठ्ठलपंतांच्या घराने त्याची किंमत मोजली. लग्न झालेलं असताना ते काशीला जाऊन संन्यासी झाले, गुरूला खरी हकिगत कळल्यावर त्याच्याच आज्ञेने आळंदीला परतून संसार करू लागले, आणि गावाने त्यांना वाळीत टाकलं. निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान, मुक्ताई ही चारही मुलं संन्याशाची पोरं म्हणून वाढली. आईबापांनी प्रायश्चित्त म्हणून देह टाकला असं परंपरा सांगते. त्याच घरातल्या मुलाने १२९० मध्ये नेवाशाला गीतेवर टीका सांगितली, आणि कर्म करत असतानाच जो आतून सुटलेला आहे तोच संन्यासी, हे गीतेचं म्हणणं मराठीत आणलं. पुस्तकातून शिकलेला सिद्धान्त म्हणून ते मला वाचताच येत नाही. बापाच्या येण्याजाण्याला जगात कुठे जागा नव्हती, ती जागा मुलगा भाषेत तयार करत होता, असंच मला दिसतं.

आमचे अण्णा माळकरी. कल्याणच्या लोको शेडमध्ये फिटर होते. वर्षभर रजा साठवायची आणि आषाढी वारीला तीन आठवडे आळंदीहून दिंडीत चालायचं. उरलेलं वर्ष रातपाळ्या, रॉकेलच्या रांगा, आमच्या फिया. आता ऐंशीच्या पुढे आहेत, गुडघे चालू देत नाहीत. विठ्ठलपंतांचा विषय मी काढला तेव्हा म्हणाले, “अगं, माउलींच्या वडलांना त्रास झाला तो ते गेले म्हणून नाही, परत आले म्हणून. आणि आम्ही वारकरी तर दरसाल परतच येतो.”

“पण अण्णा, तुम्हाला तिथेच राहावंसं वाटलं नाही कधी?”

“वाटलं की. वाळवंटात दरसाल वाटायचं. पण पांडुरंगाला भेटून जो घरी येत नाही, त्याची वारी पुरी कुठे होते?”

हे सोपं होतं असं मात्र कोणी समजू नये. अण्णा पंढरपूरहून आले की पहिले दोन दिवस घरात आम्ही सगळे जपून वागायचो. ते शांत दिसत आणि जरा जरा गोष्टीवर चिडत. नळाला पाणी नाही, शेजारचा रेडिओ मोठा, आईने विचारलेला गॅसचा हिशेब. मला ते उमगलं मलंगहून परतताना. गाडीवाट सोडून काँक्रीटवर आल्यावर पहिला थोडा पल्ला सगळ्यात धोक्याचा. बटणं चिखलाने भरलेली, मधल्या पट्टीवर चिखलाचा लेप, आणि खाली ओला गुळगुळीत रस्ता. चिखलात घट्ट धरणारं टायर तिथे सरकतं. चिखल झडेपर्यंत हळू जायचं, जोरात ब्रेक दाबायचा नाही. शिबिराहून, सप्ताहाहून, लांबच्या यात्रेहून आलेल्या माणसाला घरच्यांनी एवढी सवड द्यावी आणि त्याने स्वतःहून ती मागून घ्यावी. परमार्थाची परीक्षा अरण्यात होते की बाजारात, यावर पुष्कळ लिहिलं गेलं आहे. माझ्या मते ती सांध्यावर होते.

या टायरचा दुसरा सांधा त्याच्या अंगातच आहे. सायकल सरळ असते तोवर पट्टीवर, पुरती कलली की बटणांवर. पण या दोहोंच्या मधे एक क्षण असतो, पट्टी सुटलेली आणि बटणांनी अजून धरलेलं नाही. ओल्या वळणावर तो क्षण हँडलमध्ये जाणवतो. पूर्ण गुळगुळीत टायरला हा दोष नाही. दोन्ही जमिनींवर चालण्याची ही किंमत आहे, आणि विकणाऱ्याने ती सांगायला हवी. गृहस्थाश्रमातच सगळं साधतं असं सांगणारे कीर्तनकार आणि प्रवचनकार ही किंमत सांगत नाहीत, ही माझी तक्रार आहे. उपाय आहे तो शिस्तीचा. वेग वळणाआधी, सायकल सरळ असताना कमी करायचा. कललेल्या सायकलवर काही ठरवायचं नाही.

पुढचं चाक घसरलं तर माणूस पडतो. मागचं घसरलं तर बहुतेकदा सावरता येतं. वजनाचा मोठा वाटा मात्र मागच्या चाकावर असतो, पायडलचा जोरही तिथेच लागतो, म्हणून झिजतंही तेच लवकर. म्हणून मी मागे पट्टीचं टायर ठेवलं आणि पुढे त्याहून जास्त बटणांचं. ओझं वाहणारं चाक रस्त्याच्या सोयीचं, दिशा ठरवणारं चाक वाटेच्या सोयीचं. अण्णांना एकदा बढती मिळत होती, पण त्या जागेवर आषाढात रजा मिळणार नव्हती. त्यांनी ती घेतली नाही. आईला वाईट वाटलं, पुढच्या काळात पैशाची ओढाताणही झाली, आणि आईचं वाईट वाटणं रास्त होतं असं मी आजही म्हणेन. पण अण्णांचं ओझं सगळं संसाराचं होतं आणि कुठे वळायचं ते माळ ठरवत होती, हे त्या एका नकारावरून मला कळलं. एकनाथांचे गुरू जनार्दनस्वामी देवगिरीचे किल्लेदार होते. नोकरी सुलतानाची, कुलपं-किल्ल्यांची, आणि पैठणहून आलेला मुलगा त्यांच्याकडे राहून ब्रह्मविद्या शिकत होता. विसाव्या शतकात मुंबईच्या खेतवाडीत निसर्गदत्त महाराज विडीचं दुकान चालवत होते. तेही एकदा सगळं सोडून हिमालयाच्या दिशेने निघून गेले होते, आणि परतले. त्यांना कोणी वाळीत टाकलं नाही. पुढे देशोदेशीची माणसं त्यांच्या पोटमाळ्यावर येऊन बसू लागली. विठ्ठलपंतांपासून खेतवाडीपर्यंत महाराष्ट्र एवढा तरी बदलला, याचं मला समाधान आहे.

टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात लिहिलेलं आणि १९१५ मध्ये छापलेलं गीतारहस्य मी विद्यार्थिदशेत भारावून वाचलं होतं. ज्ञान झाल्यावरही कर्म सोडायचं नाही, हा त्यांचा निष्कर्ष माझ्या आयुष्याला सोयीचा आहे, आणि म्हणूनच मी त्याकडे सावधपणे पाहते. श्रावणात मलंगच्या उतारांवर अशा जागा आहेत जिथे माझं टायर चालत नाही. पट्टी चिखलावर नुसती गरगरते. तिथे खऱ्या, उंच, विरळ बटणांचंच टायर लागतं, आणि ते लावलेल्याने रस्त्यावरची घरघर पत्करलेली असते. अशा माणसासमोर, ‘आमच्याही टायरला कडेला बटणं आहेत’ असं म्हणणं मला उद्धट वाटतं. शंकराचार्यांनी सर्वकर्मसंन्यासाचा आग्रह धरला तो उगीच नव्हे. काही चढ सगळं टाकल्याशिवाय चढता येत नाहीत. मी तिथवर जात नाही. उताराच्या तोंडाशी सायकल ठेवते आणि पुढे गेलेल्यांच्या चाकोऱ्या पाहते. गृहस्थाचा मार्ग मोठा आहे हे सांगण्यासाठी संन्याशाचा मार्ग लहान करावा लागत नाही.

माउंटन बाइकचा जन्मही विसरू नये असा आहे. १९७६ च्या ऑक्टोबरमध्ये कॅलिफोर्नियाच्या मरीन परगण्यात काही तरुणांनी डोंगरउताराची पहिली रिपॅक शर्यत लावली, तेव्हा त्यांच्याकडे डोंगराची सायकल अशी काही चीज नव्हती. गल्लीबोळांतून फिरणाऱ्या जुन्या, जाडजूड टायरांच्या सायकली त्यांनी भंगारातून उचलून आणल्या होत्या. उतार संपेपर्यंत मागच्या ब्रेकमधलं ग्रीस जळून जाई आणि ते दर वेळी पुन्हा भरावं लागे. शर्यतीचं नाव त्यावरूनच पडलं. डोंगराचं म्हणून जे ओळखलं जातं ते असं गल्लीतून वर गेलेलं आहे.

आता हवा. तेच टायर पन्नास पीएसआयला रस्त्यावर हलकं पळतं, पस्तीसला मुरमावर पसरून धरतं. त्याच्याही खाली गेलं तर दगडावर आपटून ट्यूब रिमखाली चिमटते आणि शेजारीशेजारी दोन भोकं पडतात. मी नेवाळीच्या पुढे थांबून थोडी हवा सोडते. परतताना हातपंपाने भरते. भरायला सोडण्यापेक्षा बराच जास्त वेळ लागतो. घरातून बाहेर पडताना ताण सोडून देणं सोपं असतं, परत जबाबदारीच्या दाबाला येणं मेहनतीचं. अण्णा वारीहून आल्यावर पहिल्या रातपाळीला जाताना डबा हातात घेऊन दारात जरा उभे राहत. तेव्हा ते काय करत असावेत, हे मला त्या पंपाने सांगितलं.

एक गोष्ट मात्र मला बराच काळ दिसली नव्हती. परीक्षा, पेपर तपासणी, आईचं आजारपण अशा एका वर्षात मलंगच्या बाजूला जाणं जवळजवळ थांबलं. सायकल फक्त ठाण्याला गेली. मधली पट्टी थोडी सपाट झाली, कडेची बटणं मात्र नव्यासारखी. मला बरं वाटलं, ती साठून राहिली आहेत असं. जूनमध्ये पाऊस लागण्याआधी बटणांवर नख दाबून पाहिलं तर रबर कडक लागलं, आणि बुडाशी बारीक भेगा होत्या. रबर वापरलं नाही तरी ऊन, हवेतला ओझोन आणि वय त्याला खातात. न झिजलेलं बटण शिल्लक असतंच असं नाही. हे मी अण्णांना सांगितलं तेव्हा ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, “पाय थकले तरी हरिपाठ सोडला नाही मी, तो म्हणूनच.”

मी दोन्ही टायर घेऊन दुकानात गेले. भाऊंनी मागचं हातात फिरवून पाहिलं, पट्टीवर अंगठा फिरवला.

“ताई, कशाला बदलता? अजून दोन वर्षं चालेल हे.”

“रस्त्यावर चालेल,” मी म्हटलं, आणि फळीवरचं नवं काढायला सांगितलं.